विडीचा हिशेब आपल्या वहीत कसा ठेवायचा

मी सोलापूरजवळ कुंभारीला राहते. इथल्या वसाहतीत हजारो घरं विडी कामगार बायांची. कारखान्यातून पानं-तंबाखू आणायचं, घरी विड्या वळायच्या आणि परत नेऊन द्यायच्या, असं हे काम. त्याच्या नोंदीचं कारखान्याचं कार्ड आपल्याकडे असतं खरं, पण त्यात लिहितो कारखान्याचा माणूस. म्हणून आपली एक वही वेगळी ठेवा. पोरांच्या शाळेची अर्धी कोरी वहीसुद्धा चालेल.

पहिली नोंद माल घेतानाच करा. पानं किती, तंबाखू किती, सूत दिलं की नाही. पानं ओली असतील तर काट्यावर पाण्याचंही वजन येतं, तेही लिहा. घरी पुडा सोडला की फाटकी, भोकाची, कापायच्या पत्र्याच्या मापात न बसणारी पानं वेगळी काढा, पण फेकू नका. हजार विड्या भरायला कमी पडलेली पानं आपण बाजारातून आणतो आणि तो पैसा आपल्याच मजुरीतून जातो. त्याची तारीख, रक्कम वहीत हवी. खराब पानांची पिशवी दुसऱ्या दिवशी सोबत न्या आणि दाखवा.

सगळ्यात जास्त नुकसान छाटीत, म्हणजे खराब म्हणून काढून टाकलेल्या विड्यांत होतं. तपासणारा जुडीवरून अंगठा फिरवतो, एखादी विडी सैल लागली की मूठभर बाजूला टाकतो. त्या विड्या तुमच्यासमोर मोडायला सांगा, नाहीतर परत मागा. मोडल्याही नाहीत, परतही दिल्या नाहीत, तर त्या विकल्या जाणार नाहीत कशावरून? मग आपली मेहनत फुकट गेली. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याखाली महाराष्ट्राने जे नियम केले, त्यांत छाट साधारणपणे 5 टक्क्यांवर जाऊ नये असं घातलं होतं. म्हणजे हजारात पन्नास. त्यावर गेलेल्या आकड्याला वहीत गोल करा. महिनाभराचे गोल एका पानावर दिसले की बोलायला बळ येतं.

आता मजुरी. समजा हजाराला 200 रुपये मिळाले. पानं भिजवणं, कापणं, वळणं, तोंड मोडणं, कारखान्यात जाऊन रांगेत उभं राहणं, सगळं धरून दहा तास गेले, तर तासाला 20 रुपये पडले. त्यातून पानांचा खर्च वजा करा. लेकीने शाळेतून येऊन जुड्या बांधल्या असतील तर तिचाही वेळ धरा. हा हिशेब करताना मला दरवेळी राग येतो, आणि यायलाच हवा.

पीएफचं काम लांबवू नका. घरी वळणारी बाईसुद्धा पीएफच्या कायद्यात कामगार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितलं. यूएएन, म्हणजे आपल्या पीएफचा कायमचा नंबर, मागून घ्या आणि मोबाइल जोडून घ्या. जोडलेल्या मोबाइलवरून 9966044425 वर मिस्ड कॉल दिला की शिल्लक कळते. कापलेली रक्कम जमा झाली का, ते वहीशी ताडून पाहा. आमच्याकडे तेलुगू घराण्याचं नाव कार्डावर एक आणि आधारवर वेगळंच असतं. ते आजच दुरुस्त करा, पैसे काढायच्या वेळी यातच बाया अडकतात.

तक्रारीला एकटी जाऊ नका, एकटीचं काम बंद करणं त्यांना सोपं असतं. एकाच कारखान्याच्या पाच-सहा जणी मिळून युनियनमार्फत सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी अर्ज द्या. वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडा, मूळ वही कुणालाही देऊ नका, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.