लॉगिन होतं, पण टिकत नाही: सेशनच्या या चुका टाळा

पतसंस्थेच्या सभासदांना शिल्लक दाखवणारी साइट, शाळेचं फी पोर्टल, वाचनालयाची पुस्तक नोंदणी... बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अशी छोटी वेब ॲप्लिकेशन्स स्थानिक मंडळीच बनवतात. लॉगिनचा फॉर्म एका दिवसात उभा राहतो. तक्रारी नंतर सुरू होतात: "पासवर्ड बरोबर आहे, तरी परत लॉगिनचंच पान येतंय", "मधेच बाहेर काढतंय", "मोबाइलवर चालतं, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नाही". अशा वेळी बहुतेक जण पासवर्ड तपासणारा कोड उकरत बसतात. आधी सेशनकडे बघा.

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात तो एचटीटीपी मागच्या विनंतीचं काही लक्षात ठेवत नाही. म्हणून सर्व्हर लॉगिननंतर एक आयडी देतो, ब्राउझर तो कुकीत, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या नोंदीत, ठेवतो आणि प्रत्येक विनंतीबरोबर परत पाठवतो. या आयडीशी जोडलेली सर्व्हरची आठवण म्हणजे सेशन. ही साखळी कुठे तुटली ते शोधायचं.

परत लॉगिनचंच पान

कोडला हात लावण्याआधी ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबमध्ये जा आणि लॉगिन करा. तीन गोष्टी क्रमाने बघा. लॉगिनच्या उत्तरात सेट-कुकी हेडर आला का? पुढच्या विनंतीत तीच कुकी गेली का? गेली असेल तर तो आयडी सर्व्हरच्या सेशन स्टोअरमध्ये, म्हणजे रेडिस या जलद साठ्यात किंवा डेटाबेसच्या टेबलमध्ये, सापडतो का?

सेट-कुकी आलीच नाही, तर संशय प्रॉक्सीवर, म्हणजे ॲपच्या पुढे बसून विनंत्या घेणाऱ्या सर्व्हरवर, घ्या. पुढे एनजिन्एक्स हा प्रॉक्सी एचटीटीपीएस सांभाळतो आणि आतल्या ॲपशी साध्या एचटीटीपीने बोलतो. ॲपला वाटतं कनेक्शन असुरक्षित आहे. एक्सप्रेसची (नोडजेएसवरची वेब चौकट) सेशन लायब्ररी अशा वेळी 'सिक्युअर' (फक्त एचटीटीपीएसवरून जायचं) खूण असलेली कुकी पाठवतच नाही, आणि एररही दाखवत नाही. उपाय दोन्ही बाजूंनी करावा लागतो: एनजिन्एक्समधून एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो (मूळ विनंती एचटीटीपीएसची होती हे सांगणारा) हेडर पाठवा आणि एक्सप्रेसमध्ये 'ट्रस्ट प्रॉक्सी' १, म्हणजे पुढच्या एका प्रॉक्सीवर विश्वास, ठेवा. चिडून 'सिक्युअर' काढून टाकला तर लॉगिन चालू होईल खरं, पण तीच कुकी साध्या एचटीटीपीवरूनही उघडी जाऊ लागेल. तो मार्ग धरू नका.

कुकी आली पण परत गेली नाही, तर डोमेन, पाथ आणि सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीत कुकी जाऊ द्यायची का, हे ठरवणारी खूण) तपासा. 'सेमसाइट' न लिहिल्यास क्रोम ती 'लॅक्स' धरतो. 'नन' लिहायचं असेल तर 'सिक्युअर' लागतोच, नाहीतर ब्राउझर कुकी टाकून देतो. एकाच डोमेनवर चालणाऱ्या साध्या साइटला 'लॅक्स', 'सिक्युअर' आणि 'एचटीटीपी-ओन्ली' (पानातल्या जावास्क्रिप्टला कुकी न दाखवणारी) या तीन खुणा पुरतात. डोमेन मुद्दाम न लिहिलेलंच बरं. मग कुकी फक्त त्याच होस्टला जाते.

दहा वेळा चालतं आणि अकराव्यांदा नाही, असं असेल तर कारण वेगळं. एक्सप्रेसमध्ये सेशन स्टोअरमध्ये लिहून होण्याआधीच रीडायरेक्ट झाला, म्हणजे ब्राउझर पुढच्या पानावर गेला, तर पुढच्या पानाला रिकामं सेशन मिळू शकतं. सेशनचं 'सेव्ह' आधी करा आणि त्याच्या कॉलबॅकमध्ये, म्हणजे ते पूर्ण झाल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, रीडायरेक्ट टाका.

मधेच बाहेर काढतंय

याची चार कारणं वारंवार दिसतात.

पहिलं, गुप्त किल्ली. पायथॉनची वेब चौकट फ्लास्क सेशनची माहिती या किल्लीने सही करून कुकीतच ठेवतो. ती किल्ली ॲप सुरू होताना यादृच्छिक बनवली असेल, तर प्रत्येक रीस्टार्टला सगळे बाहेर. त्यात ॲपच्या एकाच वेळी चालणाऱ्या चार प्रतींनी, म्हणजे वर्कर्सनी, आपापली वेगळी किल्ली बनवली, तर एका वर्करने दिलेली कुकी दुसऱ्याला खोटी वाटते आणि माणूस कधी आत, कधी बाहेर. किल्ली एकदाच बनवा, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, गिटमध्ये टाकू नका. शिवाय ही कुकी सही केलेली असते, कुलूपबंद नसते. आतला मजकूर कोणीही वाचू शकतं, त्यामुळे खात्याचा तपशील तिच्यात भरायचा नाही.

दुसरं, मेमरीतलं स्टोअर. एक्सप्रेसचं मूळ मेमरी स्टोअर प्रयोगापुरतं आहे. प्रोसेस बंद झाली की सगळी सेशन्स गेली, आणि चालू असताना मेमरी फुगत जाते. रेडिस किंवा डेटाबेस वापरा.

तिसरं, घड्याळ. ॲप मुदत यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहितं आणि डेटाबेस ती भारतीय वेळेशी ताडून बघतो. दोन्हींत साडेपाच तासांचा फरक, त्यामुळे ३० मिनिटांचं सेशन जन्मतःच संपलेलं. उलट झालं तर तेच सेशन सहा तास जिवंत राहतं, आणि त्याची तक्रार कोणीच करत नाही, म्हणून ते जास्त धोक्याचं. सगळ्या वेळा यूटीसीत साठवा, स्थानिक वेळ फक्त पडद्यावर दाखवा. सर्व्हर ऑफिसातच असेल तर मदरबोर्डावरची छोटी बॅटरीही बघा. ती संपली असेल तर लाइट जाऊन आल्यावर घड्याळ जुन्या तारखेला जातं, आणि एनटीपीने (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या सेवेने) वेळ जुळेपर्यंत टोकनपासून प्रमाणपत्रापर्यंत सगळंच रुसतं.

चौथं, आयपीला बांधलेलं सेशन. सुरक्षेच्या नावाखाली हे केलं जातं, पण वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेलं की आयपी बदलतो. टिळकवाडीच्या घरातून निघून निपाणीमार्गे कोल्हापूरला जाणाऱ्या सभासदाला वाटेत बाहेर काढून काय साधणार? उलट मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक आयपी देतात. त्यामुळे चुकलेले प्रयत्न फक्त आयपीवर मोजले, तर एकाच्या चुकीने अनोळखी दहा जण अडकतात. मोजणी खात्यावरही ठेवा आणि कायमचं कुलूप लावण्याऐवजी दर चुकीनंतर थांबण्याचा वेळ वाढवत न्या.

देवनागरीत टाइप केलेला पासवर्ड

आपल्याकडे एकाच साइटवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी टाइप करणारे असतात. म्हणून ही चूक इथे जास्त भोवते.

पासवर्ड थेट न साठवता त्याचा हॅश, म्हणजे उलटवता न येणारा ठसा, साठवतात. बीक्रिप्ट ही त्याची एक पद्धत पासवर्डचे पहिले ७२ बाइटच बघते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, कन्नडचंही तसंच. काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. 'खानापूर' या एका शब्दाचे २१ बाइट होतात. ७२ बाइटांत २४ चिन्हंच बसतात, त्यानंतरचा मजकूर हिशोबातच नाही. काही लायब्ररी तो मुकाट्याने कापतात, काही एरर देतात. नव्या कामात आर्गॉन२आयडी ही हॅशची पद्धत घ्या; १९ एमआयबी मेमरी, २ फेऱ्या, १ समांतर धागा ही वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेने सुचवलेली किमान पातळी आहे. बीक्रिप्टच ठेवायचा असेल तर कॉस्ट (हॅश किती मेहनतीने बनवायचा, तो आकडा) १० च्या खाली नको. एमडी५ आणि नुसता एसएचए-२५६ पासवर्डसाठी वापरू नका. ते वेगासाठीच बनलेत, आणि तो वेग चोरालाही मिळतो.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. 'शेतकऱ्याचा' आणि 'शेतकर्‍याचा' हे दोन शब्द पडद्यावर सारखेच दिसतात. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र चिन्ह आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दुकानातल्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड एक रूप देतो, फोनचा दुसरं. हॅश वेगळा येतो आणि "पासवर्ड चुकीचा" असं उत्तर मिळतं. हॅश करण्याआधी युनिकोड नॉर्मलायझेशन करा, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एका रूपात आणा: नोंदणीला, लॉगिनला आणि पासवर्ड बदलताना, तिन्ही ठिकाणी एकच पद्धत. र आणि नुक्ता वेगळे टाइप केलेलं रूप त्याने जुळतं, पण वरचं अदृश्य जोडचिन्ह तसंच राहतं, ते जुळवायला स्वतःचा नियम लिहावा लागतो. 'पासवर्ड दाखवा' हे बटणही द्या. मोबाइल नंबरच्या रकान्यात देवनागरी किंवा कन्नड अंक आले तर ते बदलून घ्या, सुरुवातीचा शून्य आणि +९१ काढा, मगच शोधा.

पासवर्ड विसरल्यावर "तुमचं जन्मगाव?" असा प्रश्न विचारू नका. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी आहे. कोणी बेळगाव लिहितं, कोणी बेळगावी, कोणी कन्नड लिपीत. खरा माणूस अडतो, आणि शेजाऱ्याला मात्र उत्तर ठाऊक असतं. त्यापेक्षा एकदाच चालणारी, ३० मिनिटांत संपणारी लिंक पाठवा आणि तिच्यातल्या टोकनचा, म्हणजे गुप्त कोडचा, फक्त हॅश साठवा.

ओटीपी पाठवत असाल तर मराठी मजकुराचा एसएमएस ७० चिन्हांत बसवा. त्यापुढे तो ६७-६७ च्या तुकड्यांत जातो आणि पैसे दुप्पट. सहा अंकी ओटीपीला पाच मिनिटं मुदत आणि पाच प्रयत्न पुरेत. प्रयत्न मोजलेच नाहीत, तर दहा लाख शक्यता यंत्राला काही फार नाहीत.

आत-बाहेर जाताना

लॉगिन यशस्वी होताच सेशन आयडी बदला. नाहीतर कोणी आधीच आपल्याला माहीत असलेला आयडी दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये बसवून ठेवू शकतं. इथे एक्सप्रेसमध्ये 'रीजनरेट' केल्यावर जुनी माहिती जाते हे लक्षात ठेवा. मराठी निवडलेल्या सभासदाला लॉगिननंतर अचानक कन्नड पान दिसतं ते यामुळे. भाषेची निवड वेगळ्या कुकीत ठेवली की प्रश्न मिटतो.

"हा नंबर नोंदलेला नाही" असा संदेश देऊ नका. छोट्या गावात कोणाचं खातं कुठल्या पतसंस्थेत आहे, ही माहितीच खाजगी असते. चुकीला एकच उत्तर: "नंबर किंवा पासवर्ड चुकला". नंबर नसला तरी एक खोटा हॅश तपासून घ्या, म्हणजे उत्तराच्या वेळेवरूनही अंदाज येणार नाही.

लॉगआउटला फक्त ब्राउझरमधली कुकी पुसून भागत नाही, सर्व्हरवरची नोंद काढा. पासवर्ड बदलला की त्या खात्याची बाकीची सगळी सेशन्स बंद करा. काउंटरवरच्या सामायिक कॉम्प्युटरवर बॅक बटण दाबलं की मागच्या सभासदाची शिल्लक दिसते, कारण ब्राउझरने पान साठवून ठेवलेलं असतं. लॉगिननंतरच्या प्रत्येक पानाला 'कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर' द्या.

आणि कर्मचाऱ्यांचे अधिकार सेशनमध्ये कोरून ठेवू नका. निपाणी शाखेतल्या कारकुनाची चिकोडीला बदली झाली, तरी जुनं सेशन चालू असेपर्यंत त्याला निपाणीची खाती दिसत राहतात. सेशनमध्ये फक्त वापरकर्त्याचा आयडी ठेवा आणि शाखा, पद व खात्यावरचा हक्क प्रत्येक विनंतीला डेटाबेसमधून वाचा.