तांदूळ परदेशी पाठवताय? आधी या चुका टाळा

वाशीच्या बाजारात माझ्याकडे दर महिन्याला एक-दोन नवे निर्यातदार येतात. आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीला लागणारा सरकारी नंबर, नुकताच मिळालेला, मोबाईलमध्ये दुबईच्या कुणाचा तरी नंबर, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काका, व्हिएतनामपेक्षा स्वस्त कसा देता येईल?" मी चहा सांगतो आणि विचारतो, ओलावा मोजायचं मीटर घेतलंस का? घेतलेलं नसतं.

जगात तांदळाचा जो व्यापार होतो त्यात सुमारे ४० टक्के माल आपला. २०१२ पासून आपण पहिल्या नंबरावर आहोत. स्वस्त तर आपण आहोतच, आणखी दोन डॉलर कमी करून कुणी भाळत नाही. गिऱ्हाईक परत येतं ते दुसरी खेप पहिलीसारखी निघाली आणि सांगितलेल्या तारखेला पोचली तर. नेमकं हेच आपल्याला जमत नाही, निर्यातदारालाही आणि दिल्लीलाही.

ओलाव्याशी खेळ

ही माझी स्वतःची चूक आहे, म्हणून सविस्तर सांगतो. बरीच वर्षं झाली. विदर्भातल्या एका गिरणीतून उकडा तांदूळ घेतला होता, जायचा होता पश्चिम आफ्रिकेत कोटोनूला. ऑगस्ट महिना, बाहेर धो धो पाऊस, आणि जहाजाची शेवटची तारीख तीन दिवसांवर. उकड्याला भिजवून, वाफवून मग वाळवावं लागतं, आणि घाई झाली की पहिली कात्री वाळवणीला लागते. गिरणीवाला म्हणाला, "साहेब, ओलावा तेरा टक्क्यांच्या आसपास आहे." मी थप्पीच्या कडेची चार पोती तपासली. १३.८ आलं. करारात १४ होतं. सहा कंटेनर भरले आणि जेवायला गेलो.

थप्पीच्या पोटातल्या पोत्यांत १५ च्या वर ओलावा होता, हे नंतर कळलं. समुद्रावर दिवसा कंटेनर तापतो, दाण्यातली वाफ वर जाते, रात्री पत्रा गार पडला की तीच वाफ पाणी होऊन मालावर टपकते. जहाजवाले याला कंटेनरमधला पाऊसच म्हणतात. कोटोनूहून फोटो आले तेव्हा वरच्या दोन थरांतला तांदूळ काळा पडून त्याची ढेकळं झाली होती. विमा कंपनीकडे गेलो, तर मालाचा अंगभूत दोष विम्यात बसत नाही असं उत्तर मिळालं. त्यांचं बरोबरच होतं, पॉलिसीत तसं छापलेलंच होतं. वाचलं नव्हतं ते मी. अख्ख्या वर्षाची कमाई त्या सहा कंटेनरांत गेली.

तेव्हापासून मीटर माझं स्वतःचं, गिरणीच्या मीटरवर विश्वास नाही. थप्पी मधून फोडायला लावतो, हमाल कुरकुरतात, कुरकुरू देत. तळाच्या पोत्यात नळी खुपसून दाणे काढतो आणि आकडा खडूने पोत्यावर लिहितो. पावसाळ्यात करारात १४ असलं तरी मी १३ च्या वर घेत नाही. कंटेनरमध्ये शिरून दार लावून घेतो. अंधारात कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणी येणार, तो कंटेनर परत. आतून क्राफ्ट पेपर, वर ओल शोषणाऱ्या पिशव्या. आणि आजी करायची तसा एक दाणा दाताखाली धरतो. कट्ट आवाज नाही आला तर मीटर काहीही म्हणो, मी थांबतो. यात शास्त्र किती ते विचारू नका.

किरकोळ, पण रोजच्या

हाताने निवडलेला नमुना पाठवू नका. गिऱ्हाईक त्याच्याशीच माल ताडून बघतं आणि मग वांधा निघतो.

५ टक्के तुकडा, म्हणजे मोडलेले दाणे, कबूल केला तर ५ च द्या. "सात चालतो हो" हे फक्त दलाल म्हणतो.

एलसीवर, म्हणजे कागद बरोबर असले तर पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्रावर, काम करत असाल तर माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत गेले पाहिजेत, एलसीत वेगळी मुदत दिली नसेल तर. नावातली एक वेलांटी चुकली तरी पैसे अडतात.

अमेरिकेतल्या मराठी माणसांसाठी इंद्रायणी पाठवायची कल्पना प्रत्येक पुणेकराला सुचते. सुचू दे. पण तेवढ्यावर कंटेनर भरत नाही.

औषधाचा अंश माल घेतल्यावर तपासणे

बासमतीवाल्यांना हा धडा २०१८ उजाडताच मिळाला. करप्यावर मारायच्या ट्रायसायक्लॅझोलची मर्यादा युरोपने किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ वर आणली, आणि पाकिस्तानी बासमतीने तिथे आपली जागा घेतली. गोदामात आलेल्या तांदळातून औषध काढता येत नाही. त्यासाठी फवारणीच्या आधी शेतकऱ्याशी बोलावं लागतं. तेवढा दम नसेल तर युरोपचं नाव काढू नका.

रात्रीत दार बंद करणे

ही चूक तुमच्या-माझ्या हातातली नाही, पण भोगतो आपणच. १३ मे २०२२ ला गव्हाची निर्यात बंद झाली, त्याच्या महिनाभर आधी आपण जगाला गहू पुरवायच्या गोष्टी करत होतो. सप्टेंबरमध्ये तुकडा तांदूळ बंद, पांढऱ्यावर २० टक्के शुल्क. २० जुलै २०२३ ला बिगरबासमती पांढरा तांदूळच बंद. त्या संध्याकाळी माझा माल न्हावा शेव्याजवळच्या गोदामात पडून होता. लोडिंग सुरू झालेल्यांना सूट होती, मी त्यात बसलो नाही. पाठोपाठ जगात तांदळाचा भाव १५ वर्षांच्या उच्चांकाला गेला. त्याचा फायदा थायलंड आणि व्हिएतनामला झाला.

घरचं ताट आधी, हे मलाही कळतं. पण त्यासाठी शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवता येतं, तारीख आधी सांगता येते. थायलंडने उलटी चूक केली होती: २०११ पासून शेतकऱ्यांकडून बाजारापेक्षा बऱ्याच चढ्या भावाने भात घेऊन साठवलं, भाव वाढायची वाट पाहिली. त्याच वर्षी सप्टेंबरात आपण बिगरबासमतीची निर्यात खुली केली आणि पुढच्याच वर्षी त्यांचा पहिला नंबर आपल्याकडे आला. दुसऱ्याच्या चुकीने मिळालेली जागा आपण आपल्या चुकीने सैल करतोय.

माझ्यापुरता इलाज एवढाच, की ४५ दिवसांच्या पुढचा सौदा मी घेत नाही. नवी पोरं सहा महिन्यांचा भाव बांधून येतात आणि मला भित्रा म्हणतात.

सप्टेंबर २०२४ ला बंदी उठली, तेव्हा आफ्रिकेतल्या माझ्या जुन्या गिऱ्हाइकाला फोन केला. बोलला छान, मुलांची चौकशी केली. माल पूर्वीच्या निम्मा घेतला, उरलेला आता व्हिएतनामहून येतो. आणि करारात त्याने एक नवं कलम घातलं: भारत सरकारने बंदी घातली तर आगाऊ रक्कम सात दिवसांत परत. मी मुकाट्याने सही केली.