मेलमध्ये घातलेलं लोणचं

पुण्यात सपोर्टच्या नोकरीला लागलो तेव्हा माझं इंग्रजी व्याकरणाला चोख आणि चवीला अळणी होतं. सीनियर मंडळी कॉलवर सहज ‘वी आर इन अ पिकल’ (शब्दशः लोणच्यात, म्हणजे अडकलोय), ‘इट्स गॉन पेअर-शेप्ड’ (सगळं बिघडलं) म्हणायची. मी ते वहीत टिपायचो आणि संधी मिळाली की मेलमध्ये घालायचो.

मग एका ब्रिटिश ग्राहकाच्या गोदामात पुराचं पाणी शिरलं. आपुलकी दाखवायची म्हणून मी लिहिलं, ‘सॉरी टु हिअर यू आर इन अ पिकल.’ उलट एकच ओळ आली: आमचा एक माणूस हॉस्पिटलात आहे. माझे कान तापले. ‘पिकल’ ही फजिती असते. किल्ली आत राहून दार लागलं, एकाच वेळेला दोन मीटिंगा ठरल्या, असल्या प्रसंगांची. पुराला तो शब्द लावणं म्हणजे दुखवट्याला जाऊन ‘काय, गोची झाली ना?’ असं विचारणं.

मराठीत हे कुणी शिकवावं लागत नाही. मित्राला ‘वाट लागली’ म्हणणारा माणूस साहेबांना ‘जरा अडचण आलीये’ असंच सांगतो, आणि रजेच्या अर्जात ‘घरी लोच्या झालाय’ असं कुणी लिहीत नाही. इंग्रजीत तो कान नसतो. म्हणून मी वहीत अर्थाच्या शेजारी आणखी दोन गोष्टी लिहायला लागलो: कोण कुणाला म्हणालं, आणि चूक कुणाची होती.

चुकीचा रकाना जास्त कामाला आला. ‘इन अ बाइंड’ म्हणजे परिस्थितीने हात बांधलेत. ‘इन हॉट वॉटर’ म्हणजे तुम्ही काहीतरी करून बसलात आणि आता वरचे खवळलेत. व्हेंडरमुळे सर्व्हर बंद पडलेला असताना हे लिहिलंत, तर न केलेला गुन्हा स्वतःच्या हाताने कबूल केलात. ‘बिट्वीन अ रॉक अँड अ हार्ड प्लेस’ म्हणजे आपलं इकडे आड तिकडे विहीर. नुसतं काम साठलं म्हणून ते वापरू नका.

‘स्नाफू’पासून जपून. ऐकायला गोंडस, पण ती दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांची कडवट थट्टा आहे: सगळं नेहमीसारखंच, म्हणजे बोंबललेलं. हा शब्द आद्याक्षरांचा आहे आणि त्यातला एफ शिवीचा. आता कित्येक अमेरिकनांना ती शिवी जाणवतही नाही, पण नवख्याने ती जोखीम कशाला घ्यावी?

समोरचा कुठला आहे तेही बघावं. ‘स्टिकी विकेट’ आपल्याला फार आवडतं, क्रिकेट ना! पावसात भिजून उन्हात वाळणाऱ्या, न झाकलेल्या खेळपट्टीवर चेंडू कधी उसळेल, कधी बसेल, नेम नसायचा. त्यावरून ‘अवघड प्रसंग’ हा अर्थ आला. अमेरिकन ग्राहकाला लिहिलंत तर तो बिचारा विकेट शोधत बसेल.

शंका आली की केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोश उघडा. ‘इन्फॉर्मल’, ‘ओल्ड-फॅशन्ड’, ‘ऑफेन्सिव्ह’ असा शेरा तिथे अर्थाच्या आधीच असतो. मी तो ओलांडून थेट अर्थाकडे धावायचो. आउटेजच्या, म्हणजे सेवा बंद पडल्याच्या मेलमध्ये तर मी आता यातलं काहीच घालत नाही. पेमेंट 40 मिनिटं बंद होतं, कारण शोधतोय, पुढची खबर 5 वाजता. बस.

सहा महिन्यांनी त्याच ग्राहकाचा मेल आला: पासवर्ड विसरलोय, दहा मिनिटांत प्रेझेंटेशन आहे, ‘आय ॲम इन अ बिट ऑफ अ पिकल’. मी पासवर्ड रीसेट केला आणि खाली फक्त ‘डन’ लिहिलं.