जुन्या सायकलची फ्रेम घरी रंगवताय? या चुका टाळा

आजोबांची काळी हर्क्युलिस रंगवायला घेतली आणि पहिल्या तासातच मी मडगार्डवरची सोनेरी रेघ घासून टाकली. हाताने ओढलेली रेघ होती ती, सुरुवातीला जाड आणि टोकाला केसासारखी बारीक. तिची रुंदी, कडेपासूनचं अंतर, काहीच मोजून ठेवलं नव्हतं. म्हणून पॉलिश पेपर हातात घेण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. नावाची अक्षरं ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या. हँडलखालचा बिल्ला बारीक रिव्हेटनी बसवलेला असेल तर उचकटू नका, वाकतो; चिकटपट्टीने झाकून तिथेच ठेवा. आणि मुळात सगळी फ्रेम रंगवायची गरज आहे का, हेही बघा. रॉकेलच्या फडक्याने तेलकट मळ पुसून रबिंग कंपाउंड (रंग घासून उजळवणारी पेस्ट) मारलं, की कित्येकदा मूळचा काळा रंग छान वर येतो. तो वाचत असेल तर वाचवा.

जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं; भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, तोंडाला चांगला मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा.

सगळ्यात जास्त फ्रेम वाया जातात त्या गंजावर रंग मारल्याने. वरून चकचकीत दिसतं, पण पुढच्या पावसाळ्यात फोड येतात आणि नखाने पापुद्रे निघतात. सीटच्या नळीतून आत गेलेलं पाणी खाली पेडलच्या एक्सलपाशी साचतं, त्यामुळे तिथला गंज आतून खातो. टॉर्च मारून आत बघाच. तिथले कप (छर्रे बसतात त्या आट्यांच्या वाट्या) काढताना हातोडी चालवू नका. इंग्लिश पद्धतीच्या फ्रेमला चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. गंज ८० नंबरच्या पेपरने काढा, खड्ड्यांत राहिलेल्यावर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट रिमूव्हर लावा, धुऊन लगेच कोरडं करा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. मी एक रात्र थांबलो, तर सकाळी उघड्या लोखंडावर माझ्याच बोटांचे तांबूस ठसे उमटले होते. घामाने आलेला गंज. तेव्हापासून साफ केलेल्या फ्रेमला हातमोज्यांशिवाय हात लावत नाही.

प्रायमरआधी आट्यांमध्ये आणि छर्ऱ्यांच्या कपांच्या जागी टेप किंवा कागदाचे बोळे घाला. तिथे रंग गेला तर कप तिरके बसतात.

रंगांची सरमिसळ ही दुसरी मोठी चूक. सिंथेटिक इनॅमलवर एनसी (नायट्रोसेल्युलोज, म्हणजे थिनर उडून पटकन सुकणारा लॅकर रंग) मारला, तर त्याचा थिनर खालचा थर उचलतो आणि सुरकुत्या पडतात. अशा जागी वरून आणखी हात देऊन उपयोग नाही. तेवढा भाग खरवडून पुन्हा प्रायमरपासून सुरुवात करा. प्रायमर ते शेवटचा हात, एकाच जातीचं घ्या.

पावसाळ्यात एनसी मारूच नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि काळ्या रंगावर पांढुरकी झाक येते. आलीच, तर कोरड्या उन्हाच्या दिवशी थिनरचा अगदी हलका फवारा द्या, बहुतेकदा जाते. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दव सुकल्यानंतरची सकाळ, ही वेळ सगळ्यात चांगली.

ओघळ येतात ते घाईने. स्प्रेचा कॅन फ्रेमपासून साधारण २५ सेंटिमीटरवर धरा, फवारा फ्रेमच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. पहिला हात इतका पातळ हवा की खालचा प्रायमर दिसला पाहिजे. ओघळ ओला असताना पुसू नका. कडक झाल्यावर ६०० नंबरच्या वॉटर पेपरने ओला घासा. छोटे गोल खड्डे दिसले तर खाली तेल राहिलंय असं समजा.

हाताला कोरडा लागला म्हणजे इनॅमल पक्का झाला असं नाही. सीटचा क्लॅम्प आवळताच रंग दाबला जाऊन सोलतो. निदान दोन आठवडे फ्रेम टांगून ठेवा. सोनेरी रेघ त्यानंतरच ओढा, लांब केसांच्या बारीक ब्रशने आणि इनॅमलनेच. खालचा थर पुरता पक्का झालेला असला, की चुकलेली रेघ टर्पेंटाइनच्या फडक्याने लगेच पुसता येते आणि खालच्या काळ्याला धक्का लागत नाही. माझी रेघ चौथ्या वेळी नीट आली.