कमी खर्चात वायरलेस सुरक्षेचा अभ्यास : घरच्या घरी एसडीआर संच कसा उभारावा

दारावरची वायरलेस बेल, सोसायटीच्या फाटकावरील बूम बॅरिअरचा रिमोट, मोटारीची चावी, दुकानाच्या शटरचा रिमोट, चोरीच्या गजराचे सेन्सर ही सारी उपकरणे रेडिओलहरींवर चालतात; मात्र ती विकत घेताना त्यांचा सिग्नल कोणी टिपून पुन्हा पाठवू शकेल का, असे क्वचितच कोणी विचारतो. हे स्वतः तपासून पाहण्याचे साहित्य आज ठाण्या-नवी मुंबईतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही परवडते. त्याच्यासाठी माझा सल्ला असा, की आरंभी केवळ ग्रहण करणारे स्वस्त उपकरण घ्यावे, उरलेले पैसे अँटेना, केबल आणि फिल्टर यांवर खर्च करावेत, आणि केवळ ऐकून सुटणार नाही असा नेमका प्रश्न हाती आल्याशिवाय प्रक्षेपण करणारे महाग उपकरण घेऊ नये.

नेहमीच्या रेडिओत हवी ती फ्रिक्वेन्सी निवडणे आणि तिच्यावरील संदेश उलगडणे ही कामे आतील सर्किट करतात. सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओत, म्हणजे एसडीआरमध्ये, हार्डवेअर त्या पट्ट्यातील लहरींचे केवळ अंकांत रूपांतर करून ते संगणकाकडे पाठवते आणि पुढचे सगळे सॉफ्टवेअर करते. त्यामुळे एकाच डोंगलवर (संगणकाच्या यूएसबी खाचेत बसणाऱ्या छोट्या उपकरणावर) विमानांचे संदेशही वाचता येतात आणि रिमोटचा सिग्नलही तपासता येतो.

पहिली खरेदी आरटीएल-एसडीआरचीच असावी. रिअलटेक कंपनीची आरटीएल२८३२यू ही चिप मुळात संगणकावर टीव्ही पाहण्याच्या डोंगलसाठी बनली होती. ती कच्चे सॅम्पल, म्हणजे लहरींच्या मोजमापांचे अंक, थेट संगणकाला देऊ शकते हे हौशी अभ्यासकांनी शोधले, आणि २०१२ मध्ये ऑस्मोकॉम प्रकल्पातील मंडळींनी त्यासाठी मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिले. आर८२०टी२ हा ट्यूनर (फ्रिक्वेन्सी निवडणारी चिप) असलेला डोंगल साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात काम करतो आणि सेकंदाला २४ लाख सॅम्पल विनातक्रार देतो. त्याचे रूपांतर ८ बिटांचे, म्हणजे अवघ्या २५६ पायऱ्यांचे, असल्यामुळे जवळचा प्रबळ सिग्नल दूरच्या क्षीण सिग्नलला झाकून टाकतो, ही त्याची मोठी मर्यादा आहे. काही हजार रुपयांत मिळणाऱ्या या डोंगलमध्ये १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) अचूकतेचा टीसीएक्सओ, म्हणजे तापमान बदलले तरी फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवणारा ऑसिलेटर, आहे ना, एवढे पाहून घ्यावे. अनेक रिमोट वापरतात त्या ४३३.९२ मेगाहर्ट्झवर १ पीपीएमची चूक म्हणजे जेमतेम ४३४ हर्ट्झ. अगदी स्वस्त डोंगलमध्ये ५० पीपीएमची चूक असेल, तर सिग्नल जवळजवळ २२ किलोहर्ट्झ बाजूला दिसतो आणि नवशिक्याचा गोंधळ उडतो.

त्यापुढची उपकरणे ज्याच्या त्याच्या प्रश्नावर अवलंबून आहेत. हॅकआरएफ वन १ मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ एवढा प्रचंड पट्टा व्यापतो, सेकंदाला २ कोटी सॅम्पल देतो आणि त्याचा आराखडा पूर्णपणे खुला आहे. पण तोही ८ बिटांचाच आहे आणि एका वेळी एकतर ऐकतो किंवा बोलतो. ॲनालॉग डिव्हायसेसचा ॲडाल्म-प्लूटो अधिकृतपणे ३२५ मेगाहर्ट्झ ते ३.८ गिगाहर्ट्झ एवढाच चालतो, मात्र १२ बिटांचा आहे आणि एकाच वेळी ऐकणे व बोलणे दोन्ही करू शकतो. शिकण्याच्या दृष्टीने मला प्लूटो अधिक मोलाचा वाटतो, कारण संवादाच्या दोन्ही बाजू एकाच पेटीत तपासता येतात. लाइमएसडीआर, ब्लेडआरएफ आणि यूएसआरपी ही उत्तम उपकरणे असली, तरी परवडण्याजोग्या खरेदीच्या चर्चेत त्यांना स्थान नाही. ब्लूटूथ लो एनर्जी किंवा झिग्बी या कमी विजेवर चालणाऱ्या वायरलेस पद्धतींच्या अभ्यासासाठी तर एसडीआर घेऊच नये. त्यासाठी एनआरएफ५२८४० चिपचा छोटा डोंगल कितीतरी स्वस्त पडतो आणि पॅकेट थेट हाती देतो.

डोंगलसोबत येणारा छोटा अँटेना टेबलावर ठेवून निकाल मिळत नाहीत, तेव्हा दोष डोंगलला दिला जातो. बहुतेकदा दोष जागेचा असतो. आपल्याकडच्या फ्लॅटांना लोखंडी ग्रिल असते आणि ती लहरी अडवते, म्हणून अँटेना शक्यतो ग्रिलच्या बाहेर न्यावा किंवा गच्चीवर. घरातल्या घरात चुंबकी बैठकीचा अँटेना लोखंडी कपाटावर ठेवला, तर कपाटाचा पत्रा त्याला आवश्यक असलेल्या ग्राउंड प्लेनचे (अँटेनाखालील धातूच्या पृष्ठभागाचे) काम करतो. दांडीची लांबी तरंगलांबीच्या एक चतुर्थांश ठेवावी : ४३३.९२ मेगाहर्ट्झसाठी सुमारे १७ सेंटीमीटर, विमाने वापरतात त्या १०९० मेगाहर्ट्झसाठी सुमारे ७ सेंटीमीटर. गच्चीपर्यंत केबल न्यायची असेल, तर आरजी-५८ टाळावी, कारण १०९० मेगाहर्ट्झवर तिच्या १० मीटर लांबीत सहा-सात डीबी (डेसिबल), म्हणजे सिग्नलचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग नाहीसा होतो. त्याऐवजी केबलवाले वापरतात ती आरजी-६ घ्यावी. ती डोंगलला अपेक्षित ५० ओहमऐवजी ७५ ओहमची असते, पण या विसंगतीने होणारे नुकसान पाव डीबीहूनही कमी असल्यामुळे निव्वळ ग्रहणासाठी तिची काळजी नको. एसएमए प्रकारचे स्क्रूचे छोटे कनेक्टर, ॲडॉप्टर आणि सिग्नल क्षीण करणारे ॲटेन्युएटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानांत चौकशी करून आणावेत. मुंबई परिसरातील प्रबळ एफएम केंद्रांमुळे स्वस्त डोंगल सहज भारावतो आणि प्रत्यक्षात नसलेले सिग्नल स्क्रीनवर दिसू लागतात, म्हणून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा एफएम फिल्टर ही येथील अभ्यासकाची दुसरी खरेदी ठरावी. पावसाळ्यात गच्चीवरचा प्रत्येक जोड स्वतःला चिकटणाऱ्या रबरी टेपने बंद करावा आणि विजा चमकू लागताच केबल डोंगलपासून काढून ठेवावी.

विंडोजवर झाडिग या साधनाने डोंगलचा ड्रायव्हर बदलावा लागतो. लिनक्सवर कर्नल (प्रणालीचा गाभा) त्याला टीव्ही डोंगल समजून ताब्यात घेतो, म्हणून ते टीव्हीचे मॉड्यूल रोखून ठेवावे लागते. त्यानंतर एसडीआर प्लस प्लस किंवा जीक्यूआरएक्स हा ग्रहणाचा प्रोग्राम उघडून एखादे एफएम केंद्र स्वच्छ ऐकू येते का ते पाहावे. डोंगल तापेपर्यंत त्याची फ्रिक्वेन्सी सरकत राहते, म्हणून मोजमापापूर्वी पंधरा-वीस मिनिटे तो चालू ठेवावा. गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, सर्वाधिक ठेवण्याचा मोह टाळावा. सिग्नलसोबत गोंगाटही तेवढाच वाढू लागला, की थांबून गेन थोडा मागे घ्यावा.

सुरक्षेचा पहिला धडा आकाशात आणि खाडीपलीकडे सापडतो. ठाण्यावरून मुंबईकडे उतरणारी आणि नवी मुंबई विमानतळावर ये-जा करणारी विमाने १०९० मेगाहर्ट्झवर आपली ओळख, उंची आणि स्थान सतत जाहीर करत असतात, तर न्हावा-शेवा बंदराकडे जाणारी जहाजे एआयएस या जहाज-ओळख यंत्रणेद्वारे १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर तेच करतात. डम्प१०९० हा प्रोग्राम चालवून विमानाचा ११२ बिटांचा एक संदेश नीट वाचावा. त्याच्या शेवटी २४ बिटांची तपासणी-संख्या असते, पण ती वाटेत झालेल्या चुका ओळखण्यापुरती आहे. संदेश खरोखर त्या विमानाकडूनच आला याचा कोणताही पुरावा त्यात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमध्ये रेल्वेच्या ॲनालॉग रेडिओवरील आणीबाणीचा तीन सुरांचा संकेत बाहेरच्या व्यक्तींनी पाठवून गाड्या थांबवल्या, आणि एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेतील डॅलस शहराचे १५६ भोंगे एका रात्री रेडिओ-संकेतांनीच वाजवले गेले. दोन्ही ठिकाणी उणीव हीच होती : आदेश देणारा कोण हे यंत्रणा तपासत नव्हती.

आता स्वतःच्या मालकीचा एक रिमोट घ्यावा. शेजाऱ्याचा नको, सोसायटीचाही लेखी परवानगीवाचून नको. डोंगल ४३३.९२ मेगाहर्ट्झवर लावून बटण दाबावे. काहीच दिसले नाही, तर ३१५ मेगाहर्ट्झ पाहावे. सिग्नल दिसला, की सेकंदाला १० लाख सॅम्पल या वेगाने काही सेकंदांचे मुद्रण फाइलमध्ये करावे आणि तीच कृती त्याच बटणावर किमान पाच वेळा करावी. ही फाइल इन्स्पेक्ट्रम किंवा युनिव्हर्सल रेडिओ हॅकर या मुक्त प्रोग्राममध्ये उघडली, की स्वस्त रिमोटमध्ये लहर नुसती चालू-बंद होताना दिसते. लांब व आखूड स्पंदांचे प्रमाण ३:१ असते, आणि लांब स्पंद व आखूड विराम म्हणजे एक, तर आखूड स्पंद व लांब विराम म्हणजे शून्य, असे वाचत गेल्यास ओळ आपोआप उलगडते. ईव्ही१५२७ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या चिपमध्ये अशा २४ बिटांपैकी २० बिट रिमोटची ओळख सांगतात आणि ४ बिट बटण. हे काम पहिल्यांदा हातानेच करावे. आरटीएल_४३३ हा प्रोग्राम ते क्षणात करून देतो, पण हाताने उलगडलेली ओळ कायमची समजते.

पाचही मुद्रणांतील बिट तंतोतंत सारखे असतील, तर रिमोट स्थिर कोडचा आहे, आणि एकदा टिपलेला सिग्नल रिसीव्हरला खऱ्या बटणाहून वेगळा ओळखता येत नाही. हा निष्कर्ष काढायला एकही लहर प्रक्षेपित करावी लागलेली नाही. एचसीएस३०१सारख्या रोलिंग कोडच्या चिपमध्ये मात्र ६६ बिटांपैकी ३२ बिट दर दाबण्यासरशी बदलतात आणि उरलेले, ओळखक्रमांक व बटण सांगणारे, तसेच राहतात. बदलणारा भाग दिसला म्हणून उपकरण सुरक्षितच आहे असे समजू नये : या चिपमागील कीलॉक पद्धतीतील गुप्त किल्ली रिमोटच्या वीजवापराच्या मोजमापावरून काढता येते, हे २००८ मध्ये जर्मनीतील बोखुम विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले आहे.

प्रक्षेपणाकडे वळण्यापूर्वी कायदा समजून घ्यावा. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ किंवा २.४ गिगाहर्ट्झ हे पट्टे परवानामुक्त असले, तरी ती सूट ठराविक शक्तीच्या, मान्यताप्राप्त उपकरणांना आहे; टेबलावरचा हॅकआरएफ त्यात आपोआप बसत नाही. हौशी रेडिओचा परवानाही येथे पुरत नाही, कारण आपल्याकडे हौशींसाठीचा पट्टा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झचा आहे आणि ४३३.९२ त्याच्या बाहेर पडते. दूरसंचार कायदा २०२३ नुसार दूरसंचार जाळ्यात अनधिकृत प्रवेश करणे किंवा संदेश बेकायदा टिपणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मोबाइल, पोलीस आणि रेल्वे यांच्या संभाषणाच्या वाटेला मुळीच जाऊ नये. परदेशातून प्रक्षेपक मागवताना तो सीमाशुल्क विभागात अडकू शकतो, म्हणून आयातीचे नियम आधी पाहावेत.

रिसीव्हरची प्रत्यक्ष चाचणी आवश्यकच असेल, तर ती हवेत करू नये. हॅकआरएफ काही पट्ट्यांत १५ डीबीएमपर्यंत (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली) शक्ती देतो, आणि त्याच्या ग्रहणाच्या तोंडाला उणे ५ डीबीएमपेक्षा अधिक सहन होत नाही. त्यामुळे दोन उपकरणे केबलने जोडताना मध्ये किमान ४० डीबीचा ॲटेन्युएटर असावा. ज्या उपकरणाला अँटेनाचा कनेक्टरच नाही, ते घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे, झाकणाची फट तांब्याच्या पट्टीने बंद करावी, आणि डब्याबाहेर ठेवलेल्या आरटीएल-एसडीआरवर गळती दिसत नाही याची खात्री झाल्यावरच बटण दाबावे.

स्थिर कोडचा रिमोट सोसायटीच्या फाटकावर आढळला, तर सेक्रेटरींना भेटून दोन मुद्रणे शेजारी शेजारी दाखवावीत आणि रोलिंग कोडचा रिसीव्हर बसवण्याचा अंदाजे खर्च सोबत न्यावा. फाटक उघडून दाखवण्याचा प्रयोग करू नये. दोष निर्मात्याच्या उत्पादनातच असेल, तर आधी कंपनीला आणि उत्तर न आल्यास सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवावे. अहवालात डोंगलचा प्रकार, फ्रिक्वेन्सी, सॅम्पलचा वेग, तारीख आणि मूळ मुद्रणाची फाइल द्यावी, म्हणजे समोरच्या अभियंत्याला तेच मोजमाप स्वतः करून पाहता येईल.