सेशेल्सची शिडाची सफर: आधी वारा बघा, मग तिकीट काढा

बेटांवर जायचं ठरलं की पुण्यात पहिली चौकशी विमानाच्या भाड्याची होते. शिडाच्या बोटीतून फिरायचं असेल तर ती वाऱ्याची व्हायला हवी. हिंदी महासागरातल्या सेशेल्स या बेटांच्या देशाचं मुख्य बेट माहे, विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण साडेचार अंशांवर आहे. आसपासच्या मुख्य बेटांना चक्रीवादळांची धास्ती सहसा नसते, पण वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. मे ते सप्टेंबर आग्नेय व्यापारी वारे जोरात वाहतात आणि समुद्र उसळता असतो. डिसेंबर ते मार्च वारा वायव्येचा, तो पाऊस घेऊन येतो. या दोन्हींच्या सांध्यावर, म्हणजे एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरच्या आसपास, वारा मंद आणि पाणी नितळ असतं. आपल्या शाळांच्या सुट्ट्या या सांध्यांना बऱ्यापैकी जुळतात. परीक्षा आटोपल्यावर एप्रिल संपायच्या आत निघा, नाहीतर दिवाळीची सुट्टी गाठा. पहिल्यांदाच बोटीवर राहणार असाल तर जून-जुलैचा हट्ट करू नका, मग तिकीट कितीही स्वस्त मिळो. शांत दिवसांत शीड लुळं पडतं आणि बोट इंजिनावर न्यावी लागते, म्हणून खर्चात डिझेल धरून ठेवा.

रात्रीचे मुक्कामही वाराच ठरवतो. प्रालँ बेटाच्या वायव्य टोकाला आन्स लाझिओचा सुंदर किनारा आहे. आग्नेय वाऱ्यात तो आडोशाला असतो, तर जानेवारीत लाटा थेट आत घुसतात आणि रात्रभर बोट हिंदकळते. रिसॉर्ट निवडतानाही हाच प्रश्न विचारा: आपण जाऊ त्या महिन्यात वारा या किनाऱ्यावर येतो का? येत असेल तर पोहायला खवळलेलं पाणी आणि वाळूत समुद्री शेवाळ मिळतं. तळ्यासारखं शांत दिसणारं पाणी फोटोत कुठल्या महिन्यातलं आहे, ते कुणी सांगत नाही.

बोट कुटुंबासाठी घ्यायची तर दोन तळांची कॅटामरान घ्या. ती कमी कलते, उथळ पाण्यात जाते आणि आजी-आजोबांना चढायला-उतरायला सोपी पडते. स्वतः चालवायला परवाना आणि खरा अनुभव लागतो. तो नसेल तर स्किपरसह, म्हणजे बोट चालवणाऱ्या माणसासह, बोट ठरवा आणि त्या पैशात काटकसर करू नका. खडक कुठे, प्रवाळ कुठे, संध्याकाळी नांगर कुठे धरतो, हे तिथल्या माणसालाच माहीत असतं. अंधार पडायच्या आत नांगर टाकायचा असा बहुतेक कंपन्यांचा नियम असतो आणि सूर्य तिथे साडेसहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा रोजचा टप्पा छोटाच आखा. माहे ते प्रालँ हा लांब पल्ला. प्रालँ, क्युर्यूझ आणि ला दीग मात्र एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आहेत. क्युर्यूझवर महाकाय कासवं मोकळी फिरतात, ला दीगवर सायकलने हिंडायचं. आठवडा यातच भरतो.

आधी बोट, मग रिसॉर्ट, हा क्रम उलटा करू नका. बोटीवर अंग आंबतं, केस खाऱ्या पाण्याने चिकट होतात. त्यानंतरची गाद्या-चादरींची खोली खरा आराम देते. पोहोचल्या दिवशीच बोट ताब्यात घेऊ नका. पुण्याहून मुंबईपर्यंतचा घाट, विमानतळावरचं जागरण आणि लगेच समुद्र, हे मुलांना झेपत नाही. एक रात्र माहेवर काढा. हाताशी वेळ असेल तर व्हिक्टोरिया गावातल्या नवशक्ती विनायगर मंदिरात गणपतीचं दर्शन घ्या.

कागदपत्रं त्यामानाने सोपी आहेत. भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण प्रवासाची ऑनलाइन परवानगी प्रत्येकाला घ्यावी लागते. तिच्यासाठी परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग लागतं, त्यात बोटीची पावतीही जोडा. बोट कंपनी अनामत म्हणून क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम अडकवून ठेवते. बँकेकडून कार्डाचा परदेशी वापर सुरू करून घ्या आणि मर्यादा तपासा. हे काम शनिवारवर ढकलू नका. प्रवास विम्यात शिडाची बोट आणि स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन मारायची बुडी) धरलेत का, ते वाचून बघा.

आता खरी तयारी. खंडाळ्याच्या घाटात ज्याला गाडी लागते त्याला बोट लागणार, असं गृहीत धरा. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही, नांगर उचलायच्या आधी घ्यावी लागते. अशा गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून कुणाला किती द्यायची ते आपल्या डॉक्टरांना विचारा आणि एखाद्या रविवारी घरी घेऊन बघा. त्याहून चांगलं म्हणजे पावसाळा सोडून मुंबईत गेटवेसमोर शिडाची बोट भाड्याने घेऊन तासभर बसा. कुणाचं तोंड पांढरं पडतं ते तिथेच कळतं. मुलांना पोहता येतं म्हणजे टँकची लांबी कापता येते, एवढ्यावर जाऊ नका. तळाला पाय न लागता, काठाला हात न लावता दहा मिनिटं तरंगता येतंय का ते खोल बाजूला बघा. मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट बोटीवर हवं, हे कंपनीकडून लेखी घ्या.

कडक सूटकेस घरीच ठेवा, बोटीवर ती ठेवायला जागाच नसते. घडी होणारी कापडी बॅग आणि ओलं न होणारी एक छोटी पिशवी घ्या. डेकवर सगळे अनवाणीच असतात. पातळ, पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे माणशी दोन घ्या, कारण पालथं पडून मासे बघताना पाठ भाजते आणि ते रात्री कळतं. टोपीला दोरी हवी. चार्जरसाठी चौकोनी तीन पिनांचा, इंग्लंडमध्ये चालतो तसा ॲडाप्टर लागेल.

गोडं पाणी टाकीतलं, मोजकं. आधी समुद्रात डुंबायचं, मग डेकवरच्या फवाऱ्याने अंग विसळायचं, आणि भांडी घासताना नळ सोडून ठेवायचा नाही. संडास हातपंपाचा असला तर त्यात कागदाचा कपटाही टाकायचा नाही. तुंबला तर सगळ्यांचीच सुट्टी वाया. आपला एक प्लॅस्टिकचा मग बॅगेत टाका, फार कामाला येतो.

जेवणाची काळजी नको. तांदूळ, मसूर, नारळ आणि मासळी तिथल्याही रोजच्या जेवणात असते. इथून बंद पाकिटातला कोरडा खाऊ न्या: मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, बाकरवडी. ताजी फळं, भाज्या नेऊ नका. रिसॉर्टला शाकाहारी मंडळींची संख्या आधी कळवा आणि ‘मासेही चालत नाहीत’ हे स्पष्ट लिहा.

रिसॉर्टवर गेल्यावर बेत सैल ठेवा. प्रालँवरचं व्हॅली द मे मात्र चुकवू नका. १९८३ पासून जागतिक वारसा असलेल्या या ताडवनात कोको-द-मेरची झाडं आहेत, ज्यांचं बी जगात सर्वांत मोठं. ते परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. शिंपले आणि प्रवाळ तर उचलायचेच नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. स्कूबा करणार असाल तर शेवटची बुडी आणि परतीचं विमान यांत किमान १८ तास सोडा. शेवटचा दिवस पाण्याबाहेरचा ठेवला की हे आपोआप जमतं.