बस्त्यातला महागडा लेहंगा सदोष निघाला तर काय करावे

कापसाचा चुकारा हाती आला की बस्ता निघतो. गाडी करून आठ-दहा माणसे नागपूरला नाहीतर अमरावतीला जातात, दिवसभर दुकाने पालथी घालतात आणि सगळ्यांत महागाची वस्तू, म्हणजे नवरीचा डिझायनर लेहंगा किंवा शालू, संध्याकाळी परतीच्या घाईत घेतली जाते. घरी घडी उघडली की कळते: ओढणीची जाळी उसवली आहे, टिकल्यांची ओळ सुटली आहे, अस्तराचा रंग हाताला लागतो आहे. दुकान शंभर-सव्वाशे किलोमीटर लांब, लग्न बारा दिवसांवर. फोन केला तर उत्तर ठरलेले: "घेऊन या भाऊ, पाहून घेऊ."

या "पाहून घेऊ"ला तारीख नसते. अशी प्रकरणे बहुतेक वेळा इथेच बिघडतात. फोनवर दोन महिने जातात, तोवर लेहंगा नेसून होतो, मग दुकानदार म्हणतो, वापरलेला माल आहे. म्हणून दोष दिसला त्याच दिवसापासून प्रत्येक गोष्ट लेखी करायची.

पहिल्या दिवशी

वस्तू आहे तशी ठेवा. धुऊ नका, इस्त्री फिरवू नका, सुटलेला धागा ओढू नका. गावातल्या टेलरकडे "दोन टाके मारून घ्या" म्हणून तर मुळीच देऊ नका. बाहेरचा टाका पडला की दोष दुकानाचा की टेलरचा, हा नवा वाद उभा राहतो.

सकाळच्या उजेडात, अंगणात खाटेवर पांढरी चादर अंथरून फोटो काढा. ट्यूबलाइटखाली रंग खोटा दिसतो. आधी पूर्ण वस्तूचा फोटो, मग दोषाच्या जागेचा, मग तीच जागा शेजारी शाळेची पट्टी ठेवून. टॅग, लेबल, खोका, पिशवी यांचेही घ्या. सुटलेले खडे, मणी, टिकल्या एका पाकिटात घालून त्यावर तारीख लिहा. ब्लाउज पीस आणि उरलेले कापड टाकू नका. पुढे तपासणीची वेळ आली तर नमुना म्हणून तेच उपयोगी पडते.

दोष कशामुळे, हे ओळखा

दुकानदार पहिला मुद्दा हाच काढणार की तुम्ही नीट ठेवले नाही. काही वेळा ते खरेही असते. म्हणून तक्रार करण्याआधी स्वतःची खात्री करून घ्यावी.

टिकल्या साखळी टाक्याने लावलेल्या असतील तर शेवटची गाठ पक्की नसल्यास एक धागा ओढला की अख्खी ओळ सरसर सुटत जाते. हा बनावटीचा दोष. उलट बाजूने पाहा: धाग्याचे टोक मोकळे लोंबत असेल तर गाठ मारलेलीच नाही. धागा मधेच तुटून पिंजला असेल तर तो कुठेतरी अडकलेला असण्याची शक्यता जास्त. जाळी फाटली असेल तर कुठे फाटली ते बघा. जड कामाच्या कडेने फाटली असेल तर जाळीला त्या कामाचे वजन पेलले नाही, म्हणजे आत आधाराचे कापड द्यायला हवे होते. भलतीकडेच, कामापासून दूर फाटली असेल तर दावा लंगडा आहे.

खडे गळत असतील तर मागे बोट फिरवा. नुसते गोंदाने चिकटवलेले खडे मे महिन्याच्या उन्हात, टिनाच्या खोलीतल्या कपाटात, गोंद मऊ पडून सुटतात. दुकानदार म्हणेल उष्णतेने झाले. पण आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो हे नागपुरात दुकान चालवणाऱ्याला नवीन नसते, आणि उन्हापासून जपायची सूचना त्याने बिलावर किंवा टॅगवर दिली नसेल तर ते लेखी विचारता येते. जरी काळी पडली असेल तर ती बहुधा तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली नकली जरी असते. दमट हवेने आणि अत्तराने ती काळवंडते. जरी नकली असणे हा दोष नव्हे, पण "चांदीची जरी" सांगून ती विकली असेल तर ती फसवणूक.

रंगासाठी सोपी चाचणी आहे. पांढऱ्या सुती फडक्याचा कोपरा ओला करून पिळा, आतल्या शिलाईजवळच्या कापडावर दहा मिनिटे दाबून धरा. फडक्यावर डाग आला तर त्याचाही फोटो काढा. फडके जपून ठेवा.

"प्युअर सिल्क" सांगून घेतलेल्या वस्तूचा संशय असेल तर आतल्या मार्जिनमधून दोन-तीन धागे काढा. आडवे वेगळे, उभे वेगळे, कारण भेसळ पुष्कळदा एकाच दिशेच्या धाग्यात असते. चिमट्यात धरून जाळा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळते आणि कडक काळा मणी उरतो. सुती किंवा व्हिस्कोसला कागद जळल्यासारखा वास येतो. ही चाचणी तुमच्या माहितीपुरती, ग्राहक आयोगापुढे ती पुरावा ठरत नाही. पुढच्या खरेदीत केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेले सिल्क मार्कचे होलोग्राम लेबल बघून घ्या. भंडाऱ्याकडचा कोसा किंवा करवतकाठी साडी घेतानाही "ओरिजिनल आहे" या तोंडी शब्दावर भागवू नये.

लग्न तोंडावर आले असेल तर

तक्रारीसाठी वस्तू जपायला हवी, आणि घरात नवरीला नेसायला दुसरे काही नसते. अशा वेळी आधी फोटो काढा. मग दुकानाच्या व्हॉट्सॲपवर फोटोंसह लिहा: "दोष आज कळवला आहे. लग्न अमुक तारखेला असल्याने आणि तुमच्याकडून बदली वस्तू न मिळाल्यास आम्ही तात्पुरती दुरुस्ती करून वापरू. याचा अर्थ तक्रार सोडली असा नाही." एक दिवस थांबून उत्तराची वाट बघा. मग टेलरकडे द्या आणि त्याच्याकडून तारीख, काम आणि रक्कम लिहिलेली चिठ्ठी घ्या. तो आढेवेढे घेईल, तरी घ्या.

मात्र वापरलेल्या वस्तूचे पूर्ण पैसे परत मिळण्याची आशा धरू नये. दुरुस्तीचा खर्च, किमतीतली काही रक्कम आणि मनस्तापाची भरपाई, एवढ्यावर मागणी ठेवली तर ती टिकते.

बिल आहे का?

कच्चे बिल हे या प्रकरणातले सगळ्यांत दुखरे ठिकाण. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांवरच्या तयार कपड्याला १८ टक्के जीएसटी आहे. ६०,००० च्या लेहंग्यावर तो १०,८०० होतो. "बिल नको असेल तर एवढे वाचतात" असे दुकानदार म्हणतो आणि कागदावर "एस्टिमेट" लिहून देतो. हे वाचलेले पैसे पुढे महाग पडतात.

तरी बिल नाही म्हणजे सगळे संपले, असे नाही. यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक, बँकेचे स्टेटमेंट, मापाची चिठ्ठी, ॲडव्हान्सची पावती, दुकानाच्या नावाची पिशवी, टॅग, व्हॉट्सॲपवरचे बोलणे हे सगळे मिळून खरेदी सिद्ध करता येते. दुकानाला लेखी मेसेज करून बिल मागा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे नकार आला तर तोही तुमच्याच उपयोगाचा.

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही छापील ओळ वाचून बरेच जण माघार घेतात. रंग आवडला नाही, माप सैल झाले, मामेबहिणीला तसाच लेहंगा निघाला, अशा कारणांना ती ओळ लागू असेल. सदोष मालाला नाही. बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे हे याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदले आहे. म्हणून पहिले पत्र या ३० दिवसांच्या आत गेले पाहिजे.

दुकानाला पत्र

वकील लागत नाही. साध्या मराठीत, एका पानात लिहा:

"दि. … रोजी आपल्या दुकानातून बिल क्र. … अन्वये रु. ६०,००० चा लेहंगा घेतला. दि. … रोजी घडी उघडली असता ओढणीच्या जाळीला डाव्या काठापासून ११ सें.मी. अंतरावर ४ सें.मी. उसवण दिसली व घेरावरच्या टिकल्यांच्या दोन ओळी सुटलेल्या आढळल्या. वस्तू वापरलेली, धुतलेली वा दुरुस्त केलेली नाही. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी अथवा तशीच निर्दोष वस्तू द्यावी. वस्तू पाहण्यासाठी उपलब्ध आहे."

"माल खराब आहे" असे मोघम लिहू नका. सेंटिमीटर लिहिले की समोरचा समजतो की हे लोक मागे हटणारे नाहीत. पत्रासोबत फोटो आणि बिलाची झेरॉक्स जोडा, मूळ बिल जवळच ठेवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. तेव्हा तालुक्याच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा आणि पोहोचल्याची नोंद मोबाइलवर काढून ठेवा. तेच पत्र व्हॉट्सॲपवरही टाका.

दुकानात वस्तू घेऊन जायची ठरली तर जमा पावतीशिवाय ती काउंटरवर ठेवू नका. पावतीवर वस्तूचे वर्णन, दोष आणि परत देण्याची तारीख हवी. "ठेवून जा ताई, कारागीर बाहेरगावी गेला आहे" म्हणून ठेवलेला लेहंगा महिनाभर पडून राहतो आणि शेवटी हातात ना वस्तू ना कागद. दुरुस्तीची एक संधी द्यायला हरकत नाही, मात्र तारीख लिहून.

ऑनलाइन किंवा इन्स्टाग्रामवर घेतले असेल तर

खेड्यात पार्सल घरी येतेच असे नाही. कुरिअरवाला तालुक्याच्या बसस्टँडवर बोलावतो. तिथेच, त्याच्यासमोर, पत्त्याच्या चिठ्ठीपासून सुरू करून न थांबवता एकच व्हिडिओ काढत पार्सल उघडा. मध्ये कट असलेला व्हिडिओ विक्रेते मानत नाहीत.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. सदोष, बनावट किंवा जाहिरातीत दाखवले तसे नसलेले सामान परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडेही लगेच लेखी हरकत नोंदवा, त्याची मुदत लवकर संपते. इन्स्टाग्रामवरच्या, पत्ता नसलेल्या विक्रेत्याबाबत खरे सांगायचे तर नोटीस कुठे पाठवायची इथेच गाडी अडते. म्हणून पैसे टाकण्याआधी जीएसटी क्रमांक आणि पूर्ण पत्ता मागा. "फर्स्ट कॉपी" म्हणजे नक्कल, हे माहीत असून घेतलेली बॅग खरी नाही, ही तक्रार मात्र कुठेच टिकणार नाही.

१९१५

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते. व्हॉट्सॲपसाठी ८८००००१९१५. तक्रार नोंदवली की डॉकेट क्रमांक मिळतो, तो पत्राच्या प्रतीवर लिहून ठेवा. हेल्पलाइन समोरच्याला कळवते, पाठपुरावा करते, पण आदेश देऊ शकत नाही. मोठ्या कंपन्या आणि ऑनलाइन बाजारांवर याचा परिणाम होतो. बाजारातल्या एकट्या दुकानावर कमी. तिथे पत्रातले १५ दिवस संपल्यावर ग्राहक आयोगच.

जिल्हा ग्राहक आयोग

पुष्कळांना वाटते की दुकान नागपुरात, म्हणजे केस नागपुरात. तसे नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार करता येते. आर्वीच्या माणसाने वर्ध्याला, दारव्ह्याच्या माणसाने यवतमाळला, आरमोरीच्या माणसाने गडचिरोलीला करावी. तारखेला नागपूरहून दुकानदाराने यायचे. हे एक वाक्य पत्राच्या शेवटी घातले तरी काही दुकानदार तडजोडीला येतात.

मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाचे, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. मुदत दोन वर्षांची. तक्रार मराठीत चालते, स्वतः मांडता येते. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते. गावच्या सेवा केंद्रात स्कॅन करताना अक्षरे वाचता येतात का, ते फाइल चढवण्याआधी तपासा. लागणारे कागद: तक्रार अर्ज, प्रतिज्ञापत्र, बिल किंवा पैसे दिल्याचा पुरावा, तारखेनुसार फोटो, पत्राची प्रत, स्पीड पोस्टाची पावती व पोहोच, आणि ओळखपत्र. व्हॉट्सॲपचे संभाषण छापून जोडाल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्रही जोडा, आणि मूळ मोबाइल फॉरमॅट करू नका.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर दुकानदाराला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग सीलबंद नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. अहवालाला ४५ दिवस असतात आणि तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. निकाल तीन महिन्यांत, तपासणी असेल तर पाचमध्ये, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, तेवढी तयारी ठेवा. व्हिडिओवरून सुनावणीची सोय मागता येते. सोयाबीनच्या हंगामात तालुक्याहून जिल्ह्याला खेटे घालण्यापेक्षा ती मागावीच.

मागणीत वस्तूची किंमत, व्याज, दुरुस्ती आणि प्रवासाचा हिशेब, मनस्ताप, तक्रारीचा खर्च हे वेगवेगळे लिहा. ६०,००० च्या वस्तूवर पाच लाखांचा मनस्ताप लावला तर आयोगाला बाकीचे आकडेही फुगवलेले वाटतात. बुटीक चालवणारीने विकण्यासाठी घेतलेला माल इथे बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

आदेश होऊनही दुकानदाराने पैसे दिले नाहीत तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करायचा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. लेहंगा परत करायचा आदेश असेल तर पैसे खात्यात जमा झाल्यावर, सही घेऊन, मगच तो हातातून सोडा.